मण्यांनी मापलेला धर्मेंद्र

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे. जपाची नाही की गळ्यातली नाही. भिजल्या हरभऱ्यापासून लिंबाएवढे होत जाणारे लाकडी मणी, एवढाच माझा देह. पुरुषांची वृषणे, म्हणजे अंडकोशातल्या गोट्या, माझ्या मण्यांशी ताडून मापतात. मी नवी आले तेव्हा सिंधूताई नर्सने मला भक्तिभावाने कपाळाला लावले होते. खरे कळल्यावर तिने आठवडाभर डोके धुतले म्हणे. मी तर सगळ्यांना महिनाभर धुतले असे सांगते.

माझी नोकरी प्रताप नगरात, डॉक्टर मुकुंदांच्या दवाखान्यात. तिथे कोराडीच्या वीज केंद्रातला धर्मेंद्र बायकोला, दामिनीला, घेऊन आला. मूल होत नव्हते. दाढी उगवेना म्हणून कुणा डॉक्टरने कॉलेजपासूनच त्याला पुरुषी हार्मोनची इंजेक्शने लावली होती. त्याचे माप माझ्या दुसऱ्या मण्यावरच थांबले. रक्ततपासणीत एक एक्स गुणसूत्र जास्त निघाले, जन्मापासूनचे.

"दाढी तं आली न डॉक्टरसाहेब, मंग लेकरू काहून नाही?"

"इंजेक्शनाने दाढी येते, बीज म्हणजे शुक्राणू नाहीत. तुमची वृषणं मुळातच कमजोर. त्यात बाहेरून हार्मोन मिळत राहिलं, की मेंदू त्यांना कामाचा हुकूमच देत नाही."

"म्हंजे बाहेरून वीज भेटली का आपला वीज बनवायचा संच बंद ठेवते, तसं?"

"अगदी तसं. इंजेक्शन थांबवू, वृषणांना जागं करायला गोळ्या देतो. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया करून आत बीज शोधू. मिळेलच असं नाही."

इंजेक्शन थांबले तसा धर्मेंद्र मलूल झाला. हसेना, बोलेना. पण शस्त्रक्रियेच्या आठवड्यात गडी छाती काढून हजर!

"लय ताकद आली जी."

"येईन नाही तं काय!" दामिनी कडाडली. "ऑपरेशनले ताकद पाहिजे म्हणून चोरून सुई टोचून आले हे! लग्नाच्या आधी फेशियल करते तसं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मेंदूचा हुकूम पुन्हा बंद. पुन्हा काही महिने थांबणे आले. या खेपेला धर्मेंद्रने कळ काढली. शस्त्रक्रिया झाली. बीज सापडले नाही. इंजेक्शनांनी घालवले की मुळातच नव्हते, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

मित्रांनो, सुई वैरीण नाही. हाडांना, मनाला ती धर्मेंद्रला हवीच होती. पण ती सुरू होण्याआधी लाज सोडून विचारा, पुढे मूल हवे असेल तर आधी बीज शोधून गोठवून ठेवता येईल का? धर्मेंद्रला तेव्हा हे कुणी सांगितलेच नाही.

शस्त्रक्रियेचा निकाल ऐकून धर्मेंद्र खाली बघत बसला होता. दामिनीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"यांची सुई आजच सुरू करा, डॉक्टरसाहेब. लेकराचं पाहू काय करायचं ते. मले आधी माझा हासणारा नवरा वापस पाहिजे."