एक उपकरण जोडलेले आहे

"मावशी, याले कमी ऐकू येते," गुंजन म्हणाली आणि लॅपटॉपच्या पोटातून काढलेलं हिरवं कार्ड तिनं कौसल्याबाईंच्या तळहातावर ठेवलं.

अर्ध्या बिस्किटाएवढं होतं ते. कौसल्याबाईंनी उलटसुलट करून पाहिलं. हुडकेश्वर रोडवरच्या गुंजनच्या लहानशा दुरुस्तीच्या दुकानात भावनाचा कॉलेजातला लॅपटॉप काउंटरवर पालथा पडला होता, पाठीचं झाकण काढलेलं. पोरीची वस्तू अशी उघडी पडलेली बघवेना, म्हणून त्या कार्डाकडेच बघत राहिल्या.

गुंजननं नीट समजावून सांगितलं. लॅपटॉप जुना, स्वस्तातला. कंपनीनं त्यात सगळ्यात साधं कार्ड घातलेलं. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत येतात आणि हे कार्ड एकाच पट्ट्यातलं ऐकतं. त्या पट्ट्यात आता घराघरांची एवढी गर्दी झाली आहे की कनेक्शन सारखं तुटतं. नवं कार्ड दोन्ही पट्टे ऐकेल. बोलता बोलता तिनं नवं कार्ड खाचेत तिरकं सरकवलं, दाबून आडवं केलं, स्क्रू आवळला. मग एक काळी नि एक पांढरी अशा दोन बारीक तारा उचलून त्यांची टोकं कार्डावर नखानं दाबली. टिचबटण लावताना होतो तसा आवाज झाला. कौसल्याबाईंनी अंगणवाडीत नोकरी केली होती. शेकडो झबल्यांची टिचबटणं लावली होती. तेवढा आवाज त्यांच्या ओळखीचा निघाला.

"आता पहिले दिसत नव्हतं ते बी दिसन," गुंजन म्हणाली.

लॅपटॉप त्यांना हवा होता बुद्धविहारातल्या पाली भाषेच्या वर्गासाठी. वर्ग संध्याकाळी ऑनलाइन भरायचा आणि मोबाईलवर अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची.

भावना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मिहानमधल्या कंपनीतून स्कूटीवर घरी येताना वर्धा रोडवर ट्रकनं उडवलं. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीनं परत नेला. स्कूटी भंगारात गेली. फोनचा चुराडा झाला, असं तिच्या बाबांनी, रविंद्रनी, दवाखान्यातून येऊन सांगितलं. तेव्हा कौसल्याबाई म्हणाल्या होत्या, चुरा तर चुरा, पण मले आणून द्या. तोही मिळाला नाही. त्यानंतर घरात पोरीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. रविंद्र एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मुळातच अबोल. दिवेलागणीला कुंड्यांना पाणी घालायला म्हणून गच्चीवर जायचे ते जेवायच्या वेळी खाली उतरायचे. कौसल्याबाई कधी मागे गेल्या नाहीत. गुडघे दुखायचे, आणि माणसाला एकटं रडायला जागा लागते हे त्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. गुंजननं दाखवलं होतं तसं वायफायच्या खुणेवर बोट नेलं. यादी उलगडली. स्वतःच्या घरचं नाव होतं, शेजाऱ्यांची होती, मागच्या नव्या इमारतीतली बरीच होती. त्यांच्यामध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, भावना रंगारी.

कौसल्याबाईंनी झाकण मिटलं. गॅस बंद आहे का ते पाहून आल्या. पुन्हा उघडलं. नाव तिथंच होतं.

घरात वायफाय नव्हतं तेव्हा भावना आली की चपला काढायच्या आधी फोनचा हॉटस्पॉट चालू करायची, ऑफिसचा लॅपटॉप आईच्या हातात द्यायची आणि तोंड धुता धुता ओरडायची, आई, आजीचं नाव टाक. आजीचं नाव हाच पासवर्ड होता. कौसल्याबाईंनी त्या नावावर क्लिक केलं. रिकामी चौकट आली. एकेक अक्षर शोधत त्यांनी सासूबाईंचं नाव टाकलं, पंचफुला.

गोल फिरलं, थांबलं. जोडलं गेलं. खाली बारीक अक्षरांत लिहून आलं की इंटरनेट नाही.

म्हणजे जोडलं होतं, पण त्याच्या पलीकडे काही नव्हतं. कौसल्याबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं ते नाव आपोआप विझलं. जेवायची वेळ झाली होती. रविंद्र हात धुऊन जेवायला बसले, दोन पोळ्या खाऊन उठले. कौसल्याबाईंनी ताटं उचलली. सांगायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आतच त्या गुंजनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एका नावाच्या पुष्कळ पोरी असतात, गुंजन म्हणाली. पासवर्डचं ऐकल्यावर मात्र तिनं हात पुढे केला. तिनं लॅपटॉप तपासला. जुन्या कार्डाबरोबर सगळी जुनी नावं गेली होती. नव्या कार्डाला मागचं काहीच ठाऊक नसतं; जे दिसलं ते काल संध्याकाळी खरोखर हवेत होतं, एवढंच तिला सांगता आलं. आणि ते होतं दुसऱ्या पट्ट्यात. जुन्या कार्डाला ते कधी ऐकूच आलं नसतं.

"हा पट्टा भिंती पार करून दूर जात नाही, मावशी. जवळचंच असन. घरातलंच." मग ती झाकण मिटत म्हणाली, "अन् तिकडच्या फोनवर बी येते, एक उपकरण जोडलेले आहे म्हणून. तुमच्या लॅपटॉपचं नाव दिसन त्याले."

लॅपटॉपचं नाव कॉलेजात असताना भावनानंच ठेवलं होतं. भावनाचा लॅपटॉप.

घरातलंच, हा शब्द कौसल्याबाई दिवसभर घरातून घेऊन फिरल्या. दिवे लागले, यादीत नाव आलं, तसं त्यांनी ते जोडलं आणि लॅपटॉप सुपासारखा दोन्ही हातांवर धरून उठल्या. स्वयंपाकघरात खूण नाहीशी झाली. भावनाच्या खोलीत, पलंगापाशी, एक रेघ आली. जिन्याशी दोन झाल्या. एकेका पायरीवर थांबत, गुडघा धरत त्या चढल्या. वरच्या वळणावर सगळ्या रेघा भरल्या.

गच्चीचं दार अर्धवट उघडं होतं. पालथ्या बादलीवर रविंद्र बसले होते. हातात भावनाचा फोन होता. एक कोपरा तेवढा फुटलेला. पडद्याचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

"आली का वं?" ते फोनकडे बघत म्हणाले. "लय गर्दी होती काय रस्त्यानं?"

कौसल्याबाईंना आधी राग आला. दोन वर्षं या माणसानं फोन लपवला. आपण चुरा मागत होतो, आणि हे इथं अख्खा फोन घेऊन बसत होते. त्या दार ढकलणारच होत्या. पण तो आवाज भावना गेल्यापासून त्यांनी ऐकला नव्हता. पोरीला शाळेतून आणताना रविंद्र असं बोलायचे. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रविंद्र फोनला विचारत होते, जेवली का, ऊन लागलं का. मधे मधे थांबत होते, उत्तराला लागेल तेवढा वेळ.

कौसल्याबाई आवाज न करता खाली उतरल्या.

मग रोजचंच झालं. दिवेलागणीला वर फोन चालू व्हायचा आणि खाली टेबलावर कौसल्याबाई आजीचं नाव टाकायच्या. फोनचं सिम कधीच बंद झालेलं, त्या हॉटस्पॉटला इंटरनेट नव्हतं, म्हणून पालीचा वर्ग बुडायचा. ज्या वर्गासाठी कार्ड बदललं, त्याला त्या एकदाही बसल्या नाहीत. रविंद्र मात्र तिसरी पोळी घेऊ लागले. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले. कौसल्याबाई मीठ आणायला उठल्या आणि डब्यापाशी जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. कधी कधी रिकाम्या पडद्याकडे बघता बघता त्यांना वाटायचं, वर पोहोचते ती कोण? मी, की ती?

अशात कामठीहून निरोप आला. धाकटी बहीण माया न्हाणीघरात घसरली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. रात्रभर सोबतीला कोणीतरी हवं होतं. कौसल्याबाईंनी लॅपटॉप बंद केला, लोखंडी कपाटात शालींच्या खाली ठेवला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि शेअर ऑटो धरला.

दिवेलागणीला कामठीत माया कण्हत होती आणि शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते. कौसल्याबाईंचं ध्यान गच्चीवर लागलं होतं. आज ते विचारतील, आली का, आणि फोन गप्प राहील. फोन करून काय सांगणार होत्या?

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा रविंद्र टेबलाशी मेथी निवडत बसले होते. बाजूला भावनाचा फोन उघड्यावर ठेवलेला. कौसल्याबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. मायाचं कसं आहे ते रविंद्रनी विचारलं. मग मान वर न करता ते बोलू लागले. जिन्यात तुझा गुडघा वाजला तेव्हाच मला कळलं, ते म्हणाले. बोललो असतो तर तू बंद केलं असतं. फोन दिला नाही कारण त्यात शेवटचा कॉल तुझा होता, तिनं न उचललेला. तो तू बघत राहिली असतीस.

कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रविंद्रनी मेथीची जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या.

"काल तू कामठीले होती."

"हो."

"लॅपटॉप नेला होता काय?"

"नाही. कपाटात हाय. बंद करून."

रविंद्रनी फोन जवळ ओढला.

"काल बी आली," ते म्हणाले. "अंधार पडेपर्यंत होती."

कौसल्याबाईंनी कपाट उघडलं. शालींखाली लॅपटॉप ठेवला होता तसाच होता, थंडगार. बटण दाबलं, पण बॅटरी उतरलेली. गुंजनला विचारलं असतं तर फोन कधी कधी जुनंच नाव धरून ठेवतो, असं काहीतरी तिनं सांगितलं असतं. दोघांपैकी कोणीही तिला विचारलं नाही. लॅपटॉप परत शालींखाली गेला.

त्या संध्याकाळी रविंद्रनी जिन्यात त्यांना हात दिला. वर सतरंजी घातलेली होती. रविंद्रनी फोन चालू केला आणि दोघांच्या मध्ये पालथा ठेवला. खाली कामावरून परतणाऱ्यांच्या गाड्या गल्लीत वळत होत्या. मागच्या इमारतीत एकेक खिडकी उजळत होती. कोणाकडे तरी फोडणी पडली.

एक स्कूटी आली, तिचा उजेड समोरच्या भिंतीवरून सरकत गेला, आणि ती कुठंतरी थांबली. रविंद्र समोर बघत राहिले. कौसल्याबाईंनी पसरलेला पदर गोळा करून मांडीवर घेतला आणि त्या थोड्या सरकून बसल्या.

सतरंजीवर आणखी एका माणसापुरती जागा झाली.