नळीतली तलफ

किराणा दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर नळीबाबा. हातात काचेची नळी, तिच्या तळाशी काचेचाच फुगा, त्यात लाल पाणी.

"दारू सुटते हो, तलफ सुटत नाही. डॉक्टर विचारतात, शून्य ते दहात तलफ किती? पिणारा कधी खरं बोललाय? ही नळी बोलते."

आम्हाला सहकुटुंब वर बोलावलं. नवऱ्याने फुगा मुठीत धरला, लाल पाणी सरसर चढलं. बाबांनी त्याचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले, काहीबाही पुटपुटले आणि पुन्हा नळी दिली. पाणी ढिम्म.

"शून्य. गोळ्या बंद, दवाखाना बंद."

व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. "उद्यापासून पोरीला पाळणाघरात मीच स्कूटरवरून सोडतो," तो म्हणाला. "आणि गोळ्या सोडून पुन्हा प्यायला तर?" मी सासूबाईंना हळूच म्हणाले.

"तुझा मेलीचा कशावर विश्वासच नाही," सासूबाई कुजबुजल्या.

खरंय. मी दिवसातून चारदा मुलीचा ताप मोजणारी बाई. त्याला एकटं सोडवेना, म्हणून अंगात ताप असलेल्या तिलाही कडेवर घेऊन आले होते. तेवढ्यात तिनेच हात लांबवून फुगा पकडला. पाणी बापाच्याही वर, थेट टोकाला.

"बाबा, ही दीड वर्षाची आहे. हिची तलफ किती?"

"दुधाची असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

बाबा सावरले. "बापाची तलफ लेकीत उतरली."

"मग तापाचं औषध दिलं की उतरेल?"

सासूबाईंनी पोरीच्या तापल्या कपाळाला हात लावला. मग त्यांनी नळी घेतली आणि बाबांच्या वाफाळत्या चहाच्या कपाला फुगा टेकवला. पाणी उसळलं.

"कप तर पक्का बेवडा निघाला," त्या म्हणाल्या.

हॉल हसत सुटला. चमत्कार एवढाच होता: उबेने फुग्यातली हवा प्रसरण पावते आणि पाण्याला वर ढकलते. हात गार असला की पाणी गप्प.

सोमवारी दवाखान्यात सिस्टरने नेहमीसारखं विचारलं, "आज तलफ किती?" दोन महिने तो "शून्य"च सांगत आला होता. त्याने मुलीकडे पाहिलं.

"सहा. काल संध्याकाळी आठ होती."

सिस्टर रागावली नाही. तिने आकडा लिहून घेतला आणि डॉक्टरांना बोलावलं.

तुमच्या घरीही कोणी शून्य मिरवत आलं, तर आधी त्याचे हात गार आहेत का बघा. तलफ माणसालाच विचारायची असते, आणि त्याने खरं सांगितलं तर त्याच्यावर तोंड टाकायचं नसतं.

स्कूटरची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. त्यानेच आणून दिली.