कोलमनचं पत्र

आमच्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात अमेरिकेतली कॉलेजची मुलं येतात. सकाळी आयर्लंडचा इतिहास शिकतात, दुपारी कथा-कविता, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सिनेमे बघतात आणि गावातल्या घरांत राहतात. त्या वर्षी माझ्याकडे ओहायोची हॅडली होती. घरात मी, बार्ब्रा, आणि माझा थोरला भाऊ फेस्टी. दोघंही बिनलग्नाचे, सत्तरीच्या आसपासचे.

गाव सोडून गेलेल्या कुणावर तरी मुलांनी छोटा सिनेमा करायचा होता. हॅडलीने फेस्टीला गाठलं.

"अगं, त्याच्यापेक्षा दगड बरा," मी म्हटलं. "फार तर पावसाबद्दल बोलेल."

पण तीन दुपारी दोघं धक्क्यावर बसून राहिले. काय बोललास, विचारलं तर म्हणाला, "इतिहास."

आमचा धाकटा भाऊ कोलमन एकोणिसाव्या वर्षी बांधकामावर लंडनला गेला. आधी पत्रं यायची, मग नाताळचं कार्ड, मग काहीच नाही. पुढे भाड्याच्या खोलीत एकटाच मेला. चार दिवसांनी कुणीतरी दार फोडलं. तो आम्हाला विसरला, असंच मी धरून चालले होते. त्याच्या थडग्यापाशीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी हॉल गच्च भरला होता. फेस्टी माझ्या शेजारी बसला होता. पडद्यावर त्याचाच चेहरा आला, भिंतीएवढा.

"कोलमनचं पत्र आलेलं," पडद्यावरचा फेस्टी सांगत होता. "दारू सोडली, घरी यायचंय, जागा आहे का, असं विचारलं होतं त्याने. बाबांनी वाचलं आणि चुलीत टाकलं. म्हणाले, बार्ब्राला कळू देऊ नकोस, ती त्याला बोलावून घेईल. मी नाही कळू दिलं."

टाळ्या वाजल्या. हॅडली धावत आमच्याकडे आली आणि माझं तोंड बघून थबकली.

"तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला," ती पुटपुटली.

"तुझी काही चूक नाही, पोरी."

घराकडे चालताना फेस्टी चार पावलं मागे होता.

"मला वाटलं, हे फक्त अमेरिकेत दाखवतील," तो म्हणाला.

"म्हणजे तिथल्या लोकांना सांगायला चाललं असतं. मला नाही."

"बाबा गेल्यावर सांगणार होतो."

"बाबा जाऊन तीस वर्षं झाली, फेस्टी."

घरी आल्यावर मी त्याला रोजच्यासारखा चहा दिला. दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

रविवारी हॅडली गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली.

नोव्हेंबरात मी चर्चमध्ये कोलमनच्या नावाने मिस्सा सांगितली, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना. फेस्टी टोपी हातात घेऊन आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी त्याला पुढे बोलावलं नाही.