पत्रांच्या तारेनं सांगितलेली काजळाची गोष्ट

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. विजेची नव्हे, पोस्टाचीही नव्हे. आलेली पत्रं टोचून ठेवायची तार. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा, आणि मधल्या हातभर अंगावर शेकडो पोस्टकार्डं. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या एका घरात, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते.

एकोणीसशे एकोणपन्नास साली जळगावच्या दाणाबाजारात एका लोहारानं मला वाकवलं. कापसाच्या जिनिंगमधल्या शालिग्राम नावाच्या कारकुनानं मला घरी आणलं आणि बायकोला म्हटलं, "घे. तुझी पत्रं आता उशीखाली ठेवत जाऊ नको."

त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना, पत्रं येत ती काजळासाठी. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून त्या काजळी उतरवत, तिच्यात घरचं तूप आणि किंचित भीमसेनी कापूर घोटत, आणि छोट्या डब्या भरून गावोगावच्या बायकांना विकत. दुकान नव्हतं. कार्ड हेच त्यांचं दुकान. "बुधवारच्या बाजाराला येते," असं कार्ड त्या आधी टाकत. उत्तरं येत. कुणाला मुलगा झाला, कुणाची नणंद सासरी गेली, कुणाला दोन डब्या हव्यात. आनंदाच्या कार्डाच्या कोपऱ्याला हळद लावलेली असे. माझ्या अंगावर किती तरी कोपरे पिवळे होते. ज्यांना लिहिता येत नसे त्या बायका गावच्या मास्तरांकडून लिहून घेत, किंवा एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप देत. इंदिराबाई एकूण एक कार्ड जपत, कारण पत्ते त्यांच्यावरच होते. मला फार अभिमान वाटे. तीन तालुक्यांतली लेकुरवाळी घरं माझ्या अंगावर होती!

मग पंचावन्न सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, म्हणून काजळाला मागणी फार. प्रत्येक घाण्याचं पहिलं बोट इंदिराबाई आधी स्वतःच्या डोळ्यांत घालून बघत. त्या वर्षी घाईत ते राहून गेलं. चाळीस डब्या गेल्या. सणाला दोन दिवस उरले असताना, रविवारी सकाळी, त्यांनी उरलेल्या डबीतलं काजळ डोळ्यांत घातलं आणि किंचाळून मटकन खाली बसल्या. कापूर दोनदा पडला होता.

शालिग्राम पाण्याचा तांब्या घेऊन धावले. डोळे धुतले, पण ते सुजून मिटत आले. त्यांवर ओलं फडकं धरून इंदिराबाई म्हणाल्या, "अहो, माझं राहू द्या. तान्ह्या लेकरांच्या डोळ्यांत जाईल हे. ती तार काढा खाली."

त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण मोकळी झाले. जमिनीवर चाळीस घरांची कार्डं पसरली. इंदिराबाई सांगत गेल्या, शालिग्राम लिहीत गेले: काजळ लावू नका. डबी परत द्या. चूक माझी आहे.

शालिग्रामांचा टाक थांबला. "शेवटचं वाक्य राहू दे ना. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही तुला."

"लिहा. चूक कबूल केली नाही तर 'का लावू नको' असं विचारत बसतील, आणि लावून मोकळ्या होतील."

कार्डं स्टेशनवरच्या पेटीत पडली. जिथे पोस्ट उशिरा पोचे तिथला निरोप धुळ्याच्या गाडीचे कंडक्टर बन्सीलाल यांना दिला. ते प्रत्येक थांब्यावर दारात उभे राहून ओरडत गेले, "पिंप्राळ्याचं काजळ लावू नका हो!" सहा वर्षांत कमावलेलं नाव त्यांनी एका दुपारी एरंडोलपासून धुळ्यापर्यंत उधळलं. उधळायला इंदिराबाईंनीच सांगितलं होतं.

एक घर मात्र उरलं. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या पुष्पाबाईचं. तिचं कार्ड सांगत होतं: सोमवारी बाळाचं बारसं, काजळ तुमचंच. तिथे एस.टी. जात नव्हती, आणि टपाल आठवड्यातून दोनदा. सोमवार तर उद्यावर आलेला.

"मीच जाते," इंदिराबाई म्हणाल्या.

"दिसत नाही तुला धड!"

"रेल्वेला दिसतं ना."

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं त्या निघाल्या. सगळी कार्डं पुन्हा टोचून मला पिशवीत घेतलं होतं. धरणगाव, अमळनेर, जे स्टेशन येई त्याच्या आसपासची कार्डं त्या शेजारच्या उतारूंकडून वाचून घेत आणि उतरणाऱ्यांजवळ पुन्हा निरोप देत. नरडाण्याला बैलगाडी मिळाली. त्या खेड्यात पोचल्या तेव्हा दारात बायका जमल्या होत्या, पाळणा सजला होता.

इंदिराबाई फाटकातूनच ओरडल्या, "काजळ लावलं का गं? पुष्पा, लावलं का?"

आतून पुष्पाबाई हसत आली. "या अक्का, या! लावेल नही शे अजून. तुमनीच वाट दखी राह्यनूत आम्ही. पहिलं बोट तुमना हातनं."

तिनं आमंत्रणाचं दुसरं कार्ड टाकलं होतं. ते पिंप्राळ्याला पोचलं मंगळवारी.

इंदिराबाई ओट्यावर बसल्या आणि सगळ्या बायकांदेखत घडलेलं सांगून टाकलं. मग पुष्पाबाईच्या सासूनं डबी मागून घेऊन परत दिली, दुधात भिजवलेला कापूस आणला आणि तो इंदिराबाईंच्या डोळ्यांवर ठेवला.

आखाजीनंतर एकतीस डब्या परत आल्या. पण एरंडोलला निरोप पोचायच्या आधीच एका मुलीनं काजळ घातलं होतं. आठ दिवस तिचे डोळे लाल होते. तिच्या वडिलांचं, झुलालभाऊंचं, कार्ड आलं. त्यातले शब्द मी सांगणार नाही. शालिग्राम ते फाडायला निघाले. इंदिराबाईंनी ते घेऊन स्वतः माझ्यात टोचलं, सगळ्यांत वर, आणि डोळे निवळताच त्या मुलीला बघायला एरंडोलला गेल्या. झुलालभाऊ त्यांच्याशी बोलले नाहीत. बऱ्याच घरांनी त्या वर्षी कार्ड टाकलंच नाही.

पुढच्या आखाजीला झुलालभाऊंच्या घरून दोन ओळी आल्या. अक्षर त्या मुलीचं होतं: "आई म्हणते एक डबी पाठवा. पण आधी तुमच्या डोळ्यांत घाला."

इंदिराबाईंनी ते कार्ड मला लावलं आणि बराच वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

आता साठ साल आहे. बाजारात कारखान्याचं काजळ मिळतं, आणि इंदिराबाईंचं पिंप्राळ्यातच छोटं दुकान आहे. बायका स्वतः येतात, मग कार्ड कशाला? दोन वर्षांत माझ्यात एकही नवीन पत्र आलेलं नाही. माझ्या खालच्या टोकाला गंज चढलाय. परवा कुणी तरी म्हणालं, ही रद्दी बंबात घाला. इंदिराबाईंनी फडकं घेतलं आणि एकेक कार्ड पुसलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, गंजणं तारेच्या नशिबीच असतं. पण आपण ज्याच्या हातात काही देतो, त्याचं घर माहीत असू द्या. आणि दिलेल्यात खोट निघाली, तर त्या घराकडे निघायला उशीर करू नका.