भोकं पाडलेला निळा मग

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि ती माझ्या वाट्याला कधी आली नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या बंदराकडे तोंड करून तिथे जिरॅनियमची कुंडी बसते आणि मी भिंतीकडे तोंड करून कॉफी पितो. लग्नात बायकोबरोबर हे झाड घरात आलं. तेव्हापासून मी त्याची सरबराई करतो आहे. हिवाळ्यात सूर्य उगवत नाही तेव्हा दिव्याखाली न्यायचं, दार उघडलं की वाऱ्याच्या झोतातून हलवायचं, वाळकी पानं खुडायची. जरा गारठा लागला की बाईसाहेब मान टाकतात. झाडाबद्दल बोलतोय, बायकोबद्दल नव्हे.

बायकोला, गुन्व्होरला, या झाडाबद्दल कुणी वाकडं बोललेलं खपत नाही. त्यालाही कारण आहे.

तिचा बाप हिल्मार ‘इस्फुग्लेन’ नावाच्या लाकडी जहाजावर आचारी होता. उत्तरेच्या बर्फात नवी बेटं शोधायला ते जहाज गेलं ते गेलंच. गुन्व्होर तेव्हा आईच्या पोटात होती. तिच्या आईने, येन्सिनेने, निघताना खिडकीतल्या याच झाडाची एक फांदी निळ्या इनॅमलच्या मगात लावून नवऱ्याच्या हातात दिली. पाणी साचू नये म्हणून खिळा ठोकून मगाच्या बुडाला भोकं पाडली. “फुललं की घेऊन ये,” एवढंच म्हणाली.

पण हिल्मारला एक बहीण होती, बोर्गहिल्ड आत्या. तिने गल्लीभर सांगितलं, “कसली फांदी नि कसलं काय! बंदर सुटायच्या आत त्याने तो मग पाण्यात भिरकावला. मी डोळ्यांनी पाहिलं. बायकोपासून सुटायलाच निघाला होता तो!” गुन्व्होर आठ वर्षांची असताना हे तिच्या कानावर पडलं. आईला तिने विचारलं नाही, पण त्या दिवसापासून बापाला बाप म्हणणं सोडलं. आमच्या अख्ख्या संसारात मी तिच्या तोंडून ऐकलं ते ‘आईचा नवरा’ इतकंच. आणि या आत्याबाईंच्या खिडकीत कुठलं झाड होतं? येन्सिनेकडून मागून नेलेल्या फांदीचंच. धन्य ती बाई.

यंदा ऑगस्टमध्ये ‘इस्फुग्लेन’ सापडलं. संशोधकांनी खोल पाण्यात कॅमेरा सोडला तर जहाज तळाशी उभंच्या उभं, जणू कुणी नीट ठेवून दिलेलं. खलाशांच्या नातलगांना चित्रण पाहायला बोलावणं आलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या बायकोने चर्चला जायचा कोट घातला, काढला, पुन्हा घातला.

“मला काय त्याचं,” ती म्हणाली.

“मग नको जाऊ या.”

“तू गप बस, म्हाताऱ्या. मफलर घे.”

सभागृहात डोलकाठी दाखवली, सुकाणू दाखवलं, लोक हळहळले. सगळे केकच्या टेबलाकडे वळले तशी गुन्व्होर उठून संशोधक बाईंपाशी गेली. सिनोव्ह त्यांचं नाव, पस्तिशीच्या असतील.

“भटारखान्याचं चित्रण आहे का तुमच्याकडे?”

“आहे की. या, इथे बसा.” सिनोव्हनी लॅपटॉप उघडला. “तुमचं कोण होतं जहाजावर?”

“आईचा नवरा.”

सिनोव्ह गोंधळल्या. मी मान हलवून त्यांना गप्प राहायला खुणावलं.

पडद्यावर भटारखाना आला. चूल होती. किटली होती. फळीवर ताटल्या अजून ओळीने उभ्या होत्या. कॅमेरा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला. निळा मग कुठेच नव्हता.

“परत दाखवा.”

परत दाखवलं. गुन्व्होरने कोटाची बटणं लावली. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “आत्या खोटं बोलली नाही म्हणायची. चल, बस चुकेल.”

तिचा तो आवाज मला सहन होईना. ती आठ वर्षांची मुलगी मी कधी पाहिली नव्हती, ती आता माझ्या शेजारी बसली होती. आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली.

“थांब गं. त्या भटारखान्याला खिडकी कुठे आहे? तिथे ते झाड कोण ठेवील? मी ठेवीन का? अहो बाई, या जहाजात उजेड कुठून यायचा?”

सिनोव्हनी कपाळाला आठ्या घातल्या. “मागच्या केबिनच्या छताला काच होती.”

“मग तिथे बघा.”

काच फुटली होती. तिच्या खाली, तुळईला तांब्याच्या तारेने काहीतरी टांगलेलं होतं. कॅमेरा त्याच्या खालून सरकला. निळा मग. बुडाला भोकं.

“हे आम्हाला कोडंच आहे,” सिनोव्ह म्हणाल्या. “असा फुटका मग टांगून ठेवायचा कशाला?”

गुन्व्होरने पडद्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. “बाबांनी टांगलाय,” ती म्हणाली. “फेकला नाही. आईने दिलेला... फेकला नाही बाबांनी.”

मी तिचा दुसरा हात धरला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. येन्सिने हे न पाहताच गेली याचं मला फार वाईट वाटलं.

“वर आणता येईल का तो?” मी विचारलं.

“नाही हो. कायद्याने हातसुद्धा लावता येत नाही.”

“राहू दे तिथेच,” गुन्व्होर म्हणाली. “बाबांनी जागा बघून टांगलाय.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली. पुलावर आलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिकडेही उन्हाळ्यात ऊन मावळत नाही ना रे?”

“नाही.”

“मग फुललं असेल का?”

त्या बर्फाच्या वाऱ्यात ती फांदी आठवडाभरसुद्धा टिकली नसेल. हे झाड मला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही.

“फुललं असेल की,” मी म्हणालो. “लालभडक.”