एका पत्त्यावरचे दोघे

वाचकांच्या एका संकेतस्थळावर मी ‘पानखूण’ या नावाने पुस्तकांबद्दल लिहितो. फार कुणी वाचत नाही. ‘काटेरी’ नावाचा एक सभासद मात्र प्रत्येक लेखाखाली टोचून जातो. ‘पहिली तीन वाक्यं नुसती घसा खाकरण्यात गेली,’ असं त्याने मागे लिहिलं होतं. ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

परवा संपादकांचं पत्र आलं. पानखूण आणि काटेरी एकाच इंटरनेट पत्त्यावरून लिहितात. म्हणजे लक्ष वेधायला आपणच आपल्याशी भांडता. खुलासा आला नाही तर दोन्ही खाती बंद होतील.

दुसरा कुणी चिडला असता. मी घाबरलो. हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून मी घरभर शोधतो. हेही मीच लिहून विसरत असलो तर? तशी ती टीका माझ्या मनातलीच होती.

मी सूनबाईला पत्र दाखवलं. ती हसायलाच लागली.

“बाबा, तो पत्ता तुमचा नाही, घराचा आहे. कपाटावरचा राउटर आतल्या प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर देतो, पण बाहेर सगळ्यांसाठी पत्ता एकच लावतो. कुणी काय मागवलं ते लक्षात ठेवतो, उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. बाहेरच्यांना आपण सगळे एकच दिसतो.”

“म्हणजे काटेरी मीच असेन असं नाही?”

“बघूया ना. तुमचा कॉम्प्युटर बंद करा.”

मी बंद केला. तिने फोनवर ते पान उघडलं. काटेरीच्या नावापुढचा हिरवा ठिपका तसाच. खाली अक्षरं उमटली : ‘काटेरी लिहीत आहे.’

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर होते. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एका बोटाची टकटक ऐकू आली.

“आई?” सूनबाईने हाक मारली. टकटक थांबली.

मी दारात पोचलो तेव्हा बायको टॅबलेट उशीखाली सारत होती.

“अगं, तू?”

“मग काय करू? तोंडावर बोललं की तुम्ही आठ दिवस रुसता, लिहायचं सोडता. काटेरीला मात्र पानभर उत्तर देता!”

“ते घसा खाकरण्याचं...”

“लग्न झाल्यापासून ऐकतेय तो घसा.”

राग यायला हवा होता, आला नाही. माझं डोकं ठिकाणावर होतं; आणि माझ्या लिहिण्याला इतकं टोचणारं बाहेरचं कुणी नव्हतं, घरचंच माणूस होतं.

मी खुलासा लिहायला बसलो. तिने खांद्यावरून वाचलं, सुस्कारा सोडला आणि आपल्या टॅबलेटवरून स्वतःचंच उत्तर सरळ पाठवून दिलं : ‘आम्ही नवराबायको आहोत. राउटर एक, मतं दोन. कधी आमचं एकमत झालेलं दिसलं, तर मात्र जरूर चौकशी करा.’

दोन्ही खाती चालू राहिली. माझी तोवर तीनच वाक्यं झाली होती.