सोमवारचं कुलूप

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. बागेच्या फाटकावर हातभर अक्षरांत 'सर्वांसाठी खुली, प्रवेश मोफत' असं रंगवून घेतलंत, आणि भेस्तान भागातल्या त्या गल्लीतले माग ज्या दिवशी थांबतात नेमकं त्याच दिवशी फाटकाला कुलूप ठोकलंत. सगळ्यांत कोण कोण बसतं, हे रंगाऱ्याला सांगायचं राहून गेलं वाटतं. मग त्याच गल्लीतल्या अनुसयाचं त्या सोमवारी काय झालं ते ऐका. तुमच्या फाटकाशीच झालंय.

त्या दिवशी अनुसया पहाटेच उठली होती, आणि ती कामासाठी नाही. एरवी ती उठते ती साड्यांवर टिकल्या चिकटवायला; बोटांना डिंक, डोळ्यांपुढे तारे. तिचा नवरा काशिनाथ मागावर बारा तासांची पाळी करतो. सोमवारी माग बंद, साड्यांचा माल बंद, म्हणून सोमवार त्यांचा. आणि या सोमवारी तिला नणंदेला जिंकायचं होतं.

नणंद सुमनअक्का हिंगोलीकडच्या गावाहून लेकीला घेऊन या परराज्यातल्या शहरात आली होती. लेक प्रियांका, सोळाची, दहावीला शाळेत पहिली आलेली. गावी अकरावीची सोय नव्हती आणि एका घरून मागणी मात्र आली होती. काशिनाथनं मराठी शाळेत चौकशी करून ठेवलेली. पोरगी मामाकडं राहील, शिकेल. अडलं होतं एका गोष्टीवर. काशिनाथची खोली दहा बाय दहाची आणि भिंतीला लागून मागाचं खातं, म्हणजे कारखानाच. माग सुरू झाले की फळीवरची भांडी आपोआप सरकायची. अक्का दोन दिवस ते बघत होती. रविवारी जेवताना तिनं विचारलं, "पोरगी अभ्यासाला कुठं बसंल?" गावी प्रियांका लिंबाखाली बसायची. घरात तिला अक्षर लागत नसे.

अनुसयानं भाकरी थापता थापता ठोकून दिलं, की नदीकाठी बाग आहे, एवढी मोठी की गावाचं शिवार तीत मावेल, झाडंच झाडं, बाकडी, नळाचं गार पाणी, आणि एक रुपया लागत नाही. अक्का म्हणाली, दाखव. उद्या संध्याकाळी उधना स्टेशनावरून गाडी आहे, त्याआधी दाखव. झाडाखाली पोरगी बसलेली बघितली तर ठेवते, नाहीतर दोघी परत.

काशिनाथ रात्रपाळीवरून येऊन झोपला. गाडीची पिशवी बरोबर घेऊनच तिघी निघाल्या. सिटी बसमध्ये अनुसयानं अक्काला खिडकी दिली आणि स्वतःच गाईड झाली. हा पूल, हे मार्केट, इथं हिऱ्याची घंटी चालते, चाकावर हिरे घासतात. तिची शेजारीण सरलाबाई शहरभर झाडू-पोछ्याला जाते. फुकटात काय काय बघता येतं ते तिनं अनुसयाला एका साडीच्या खोक्यावर लिहून दिलं होतं. पहिला नंबर कापड मार्केटातल्या सरकत्या जिन्याचा. प्रियांका तीनदा वर गेली, तीनदा खाली आली. अक्का आधी खांबाला धरून उभी राहिली, मग नऊवारी गुडघ्याशी गोळा करून, डोळे मिटून, विहिरीत उडी टाकावी तसा तिनं पाय टाकला. वर पोचल्यावर डोळे उघडले आणि म्हणाली, "आपण न चालता आलो की." मग तीही आणखी दोनदा वर-खाली करून आली. एका दुकानात गादीवर बसून तिघींनी चाळीस साड्या उलगडून घेतल्या, थंड पाणी प्यायल्या आणि एकही न घेता उठल्या. निघताना अनुसयानं एका साडीची टिकली नखानं तपासली. "ही बाई घाईत काम करते," ती म्हणाली. अक्का पोट धरून हसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, अनुसयानं अक्काला असं हसताना पाहिलं नव्हतं. एक प्लेट लोचो, वाफवलेल्या डाळीचा तो गरम लगदा, तिघींत खाल्ला, वरून शेव दोनदा मागून. अनुसयाला वाटलं, झालं, जिंकलं.

आणि मग फाटक.

कुलूप नारळाएवढं. आत झाडं होती, सांगितली होती तेवढी. बाकडी होती. पाण्याचा नळसुद्धा दिसत होता. आत एक खारूताई होती, तिला तेवढी परवानगी.

फाटकाशेजारी खुर्ची टाकून रखवालदार बसला होता, भटू नावाचा, धुळ्याकडचा. त्यानं शांतपणे सांगितलं, की सोमवारी बाग बंद असते.

"बागेला कसली सुट्टी?" अनुसया म्हणाली. "झाडं काय दोन पाळ्यांत काम करतात?"

भटू म्हणाला की बाई, नऊ वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. सोमवार साहेबांनी ठरवला. कोणत्या साहेबांनी, "ते माले बी माहीत नही."

अक्का गजांतून आत बघत होती. मग वळली.

"अनु, तू कधी गेलीस का आत?"

अनुसयाला या वेळी थाप मारवली नाही. नऊ वर्षांत तिनं ही बाग बसच्या खिडकीतून बघितली होती, तीही माल पोचवायला जाता-येता. मोकळा दिवस एकटा सोमवार, तोही घरच्या कामांत जायचा, म्हणून आत येणं कधी झालंच नव्हतं. शहराचा आठवडा वेगळा आणि मागाचा आठवडा वेगळा, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तिला वाटायचं, आपला सोमवार म्हणजे सगळ्यांचाच मोकळा दिवस.

"न्हाई," ती म्हणाली. "बाहेरूनच बघितली."

अक्कानं पदर कमरेला खोचला आणि गाडीला किती वेळ आहे ते विचारलं. तिचं ते विचारणं अनुसयाला चपराकीसारखं लागलं. प्रियांका चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभी. त्या पोरीच्या मानेकडं बघून अनुसयाच्या डोक्यात सणक गेली. एका कुलपापायी या पोरीला हळद लागणार होती.

ती भटूसमोर जाऊन उभी राहिली. कुलूप राहू द्या, म्हणाली, पण या शहरात पोरीनं फुकट बसून वाचावं अशी आज उघडी असलेली एक जागा सांगा. तुम्हालाही लेक असेल.

भटूला लेक होती. तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, बागेच्या मागच्या अंगाला सरकारी वाचनालय आहे, रोज उघडं, माझी सोनाली तिथंच बसते. तिची चप्पल दारात दिसेल, लाल पट्ट्याची.

तिघी जवळजवळ पळतच गेल्या. दारात चपलांची रास, तीत लाल पट्टा. आत लांबच लांब टेबलं, वर पंखे, आणि साठ-सत्तर पोरं-पोरी माना खाली घालून बसलेली. कुणी वर बघितलं नाही. आवाज फक्त पानांचा. अक्कानं अनुसयाच्या कानात विचारलं, बसायचे किती घेतात. काही नाही. परत विचारलं. दाराशी टेबलामागं बसलेल्या बाईंना जाऊन तिसऱ्यांदा विचारलं. बाई म्हणाल्या, बसायला काही लागत नाही, फक्त बोलायचं नाही.

दोघी वळून बघतात तर प्रियांका जवळ नव्हती. ती खिडकीशी एका रिकाम्या खुर्चीत बसली होती, कपाटातलं एक जाड पुस्तक पुढे ओढून. खिडकीबाहेर झाड होतं. बागेचंच, भिंतीवरून फांदी अलीकडं टाकलेलं.

अक्कानं दारातून एकदा त्या झाडाकडं आणि एकदा लेकीकडं बघितलं. मग पायरीवर बसली, पिशवीचे बंद सोडले, प्रियांकाचे दोन ड्रेस आणि चादर काढून अनुसयाच्या मांडीवर ठेवली.

"मी एकटीच जाते," म्हणाली. "कागदं मागून पाठवते. तिच्या बापाशी मी बघते." आणि वर, "पण ती बागबी पाहिजे. चोवीस तास पोरीनं काय पुस्तकच वाचायचं?"

परत जाताना अनुसया फाटकाशी थांबली. गजाला सुतळीनं बांधलेली सूचनांची वही होती. भटू म्हणाला, तिच्यात आजवर फक्त एकानं फुलाचं चित्र काढून ठेवलंय. अनुसया सातवी शिकलेली; तिनं प्रियांकाचा पेन घेतला, वही गुडघ्यावर टेकवली आणि कागद फाटेल इतक्या जोरानं लिहिलं:

"आमची भाची आजपासून इथं राहते. आम्हाला सुट्टी सोमवारी. बाग मोफत आहे म्हणता आणि सोमवारी कुलूप लावता. येत्या सोमवारी आम्ही सगळी गल्ली घेऊन फाटकावर येतो. सोमवार कुणी ठरवला त्याचं नाव इथंच खाली लिहून ठेवा. जागा सोडली आहे."